दाजींचं कार्ड

तासमास्तर त्या दिवशी भरदुपारी घरी आला तो चष्म्यासाठी. सकाळी दाढी करताना काढून खिडकीत ठेवलेला चष्मा तिथेच राहिला होता, आणि चष्म्यावाचून त्याचं पान हलत नसे. एका वाहतूक कंपनीच्या ऑफिसात बसून ट्रक ड्रायव्हरांचे तास जुळवणं हे त्याचं काम. कोणी किती तास गाडी चालवली, किती तास झोपला, मध्ये किती वेळ पाय मोकळे केले, हे सगळं मुंगीएवढ्या अक्षरांत कागदाच्या पट्टीवर छापून येतं. ती पट्टी नियमात बसली नाही तर ती बसवून द्यायला एक माणूस लागतो. बावीस वर्षं तो माणूस हाच होता. तासमास्तर हे नाव ड्रायव्हरांनी पाडलेलं. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं.

दार ताईने उघडलं, आणि उघडता उघडता ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. आत्ताच डोळा लागलाय."

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. घर तिचं. तासमास्तर लग्नाच्या भानगडीत कधी पडला नाही, म्हणून वरच्या खोलीत तिच्याच आसऱ्याला राहायचा. त्याला वाटलं, भाचा आला असेल.

"गॅरेजातून एवढ्यात कसा आला तो?"

"तो कुठला? तो बसलाय ब्रेकचं काम करून घेत," ताई कुजबुजली. "तुझे दाजी झोपलेत."

दाजींना जाऊन नऊ महिने झाले होते.

तासमास्तर पायातला एक बूट काढून, एक तसाच ठेवून उभा राहिला. ताईकडे बघावं की मागच्या खोलीच्या बंद दाराकडे, हे त्याला सुचेना. त्या खोलीच्या खिडकीवर अजूनही जाड घोंगडी ठोकलेली होती. दाजी ट्रकवर असायचे. त्यांची झोप कधी सकाळी सातला, कधी दुपारी दोनला. उजेड आत येऊ नये म्हणून ताईनेच ती घोंगडी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ठोकली होती. मुलगा लहान होता तेव्हा त्याला तिने चालायला शिकवलं ते टाचा उचलून.

आणि मग त्याला घोरणं ऐकू आलं. खोल ओढलेला श्वास, मध्येच अडकलेला, आणि सुटताना बारीक शीळ. लग्नापासून या घराच्या भिंतींनी ते घोरणं ऐकलं होतं. तासमास्तरच्या मानेवरून काटा सरसरत खाली गेला.

"ऐकतोयस ना?" ताईच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट कोणीतरी साक्षीला मिळाल्याचं समाधान होतं. "तुला सांगणार होते. पण तू म्हणाला असतास, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय."

"कधीपासून, ताई...?"

"गेल्यानंतर महिन्याभरातच. आधी यायचे ते निवांत अकरा-अकरा तास पडायचे. मला बरं वाटायचं, निदान आता तरी पुरती झोप मिळते म्हणून. पण अलीकडे फार दमतात रे. पाठ टेकते न टेकते तोच उठून जातात. परवा तर बूटसुद्धा काढले नाहीत. कोण एवढं राबवतं त्यांना? गेलेल्या माणसालाही सुट्टी नाही का?"

तेवढ्यात त्याच्या खिशात फोन थरथरला. तो एका बुटावर लंगडत पायरीवर गेला. यार्डातला मुकादम होता.

"मास्तर, लाल गाडी निघतेय. ड्रायव्हर एकटाच आहे, लांबची खेप आहे. दुसरं कार्ड पाहिजे."

"माझ्या ड्रॉवरमध्ये आहे बघ. निळ्या पाकिटात," तासमास्तर म्हणाला. डोकं ठिकाणावर नसलं तरी तोंडाला सवय होती.

तो आत आला. तीन-चार मिनिटं गेली असतील. घोरणं एकदम तुटलं. खाट करकरली. मग एक उसासा आला, उठायचं नाही पण उठावं लागतंय अशा माणसाचा. फरशीवर पावलं दाराशी आली. दार उघडलं नाही. पण डिझेलचा आणि कपड्याच्या साबणाचा वास दोघांच्या मधून गेला, आणि ताई वाट द्यायला भिंतीकडे सरकली.

"जपून जा," ती हवेला म्हणाली. मग स्वयंपाकघरात जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिने पेन्सिलीने लिहिलं : गेले, १.१७.

तिने पुन्हा वळून पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तासभरही झाला नाही रे," ती म्हणाली.

तासमास्तरने चष्मा शोधला, लावला, आणि कॅलेंडरसमोर उभा राहिला. चौकोनाचौकोनात बारीक अक्षरात आले, गेले, आले, गेले. आकडे दिसले की जुळवून बघितल्याशिवाय या माणसाला घास गिळत नसे. त्याने गेल्या महिन्याचे सगळे आकडे पाकिटाच्या मागे उतरवून घेतले. का उतरवले, ते त्याने स्वतःलाही विचारलं नाही.

आता हे कार्ड काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या डोक्याच्या वर छताला एक मशिन बसवलेलं असतं. त्याला दोन खाचा. पहिलीत चालवणाऱ्याने आपलं कार्ड घालायचं, त्यावर त्याचा फोटो असतो. नऊ तास चालवलं की मशिन ओरडायला लागतं. मग गाडी उभी करून अकरा तास झोपायचं, असा नियम आहे. दुसरी खाच जोडीदाराची. एक थकला की दुसरा चालवतो, गाडीही थांबत नाही आणि नियमही मोडत नाही. उतरताना मशिनवरचं खाटेचं बटण दाबायचं, म्हणजे त्या माणसाची विश्रांती सुरू झाली असं नोंदलं जातं, आणि मग कार्ड काढायचं. बटण न दाबता कार्ड ओढलं तर त्या वेळेपुढे नुसतं प्रश्नचिन्ह उमटतं. तासमास्तर हे नव्या ड्रायव्हरांना पहिल्याच दिवशी इतक्यांदा घोकून घ्यायचा, की ते त्याची नक्कल करून दाखवत.

पण जोडीला दुसरा माणूस ठेवणं कंपनीला जमत नव्हतं. म्हणून माणूस एक, कार्डं दोन. दुसरं कार्ड कोणाचं तरी असायचं : रजेवर गेलेल्याचं, नोकरी सोडलेल्याचं. कागदावर दोघं आळीपाळीने झोपायचे, आणि खऱ्या गाडीत एकटा माणूस सतरा-अठरा तास डोळे ताणून बसायचा. फोनचा नियम मात्र कडक होता. इंजिन चालू असताना फोन सीटखालच्या पत्र्याच्या पेटीत, पेटीला कडी. तो नियम पाळायला कंपनीचं काही जात नव्हतं.

दाजीही असेच एका सकाळी सतरा तासांनंतर यार्डात आले. गाडी पांढऱ्या रेघांच्या आत अगदी सरळ लावली, हँडब्रेक ओढला, आणि खाली उतरले नाहीत. तासमास्तर कार्ड घ्यायला गेला तेव्हा ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते, हनुवटी छातीला टेकलेली. त्याला वाटलं, डोळा लागलाय. त्याने त्यांना अर्धा तास झोपू दिलं. एवढ्या वर्षांत त्याने दाजींसाठी केलेलं तेवढंच एक काम, आणि तेही त्यांच्या उपयोगाचं नव्हतं.

कार्ड कचेरीला मृत्यू कळवायचा असतो. "कळवू की, घाई काय आहे?" मालक म्हणाले. कार्डाची मुदत अजून दोन वर्षं होती. तासमास्तरने ते निळ्या पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं. भाचा बापाच्याच गाडीवर लागला तेव्हा दुसऱ्या खाचेसाठी ते त्याला दिलं. मग अडीनडीला इतरांनाही देऊ लागला. भाच्याला त्याने कधी एका मर्यादेपलीकडे ताणलं नाही, पण कार्डाला कशाला जपायचं? ते मेलेल्या माणसाचं. मधल्या काळात एक-दोन ड्रायव्हर म्हणालेही होते, "मास्तर, हे नको, दुसरं कुणाचंही द्या." कारण विचारलं तर मान फिरवत.

संध्याकाळी ऑफिसात त्याने पट्ट्या काढल्या आणि पाकिटावरचे आकडे शेजारी ठेवले. खाटेचं बटण दाबलेलं दहा वाजून बारा मिनिटांनी. कॅलेंडरवर, आले, १०.१२. कार्ड खाचेत घातलेलं पाच चाळीसला; गेले, ५.४०. एकही आकडा एका मिनिटानेही चुकला नव्हता. एवढी तंतोतंत जुळणी त्याला खोटं लिहूनसुद्धा कधी साधली नव्हती. यार्डाच्या वहीतली शेवटची नोंद दुपारची होती : लाल गाडी, १.१७.

तो टेबलावर डोकं टेकून रडला. रडताना त्याच्या डोळ्यांपुढे होते ते बूट न काढता झोपलेले दाजी.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल गाडीवरून कार्ड परत आलं आणि कोणीतरी ते भाच्याला देऊनही टाकलं. ब्रेकचं काम झालेली गाडी भाचा यार्डात लावत होता. तासमास्तर पायरीवर पाय देऊन केबिनच्या दाराशी उभा राहिला.

"त्या कार्डावर तू एका खेपेत किती चालवतोस?"

भाच्याने हँडब्रेक ओढला. "मामा, खरं सांगू...? मी नाही चालवत."

"मग कोण चालवतं?"

"पहिले दोन महिने मीच चालवायचो. मग एकदा घाटात, उतारावर माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा मी मागे, झोपायच्या बंकवर होतो. अंगावर चादर होती. आणि गाडी चालली होती... हळू, वळणावर आधी गियर कमी करत. बाबा घ्यायचे तशी."

"तू पुढे बघितलंस?"

"नाही. मध्ये पडदा असतो ना."

"पडदा बाजूला करायचा होतास!"

"आणि बघितलं आणि तिथे कोणी नसलं तर?" भाचा म्हणाला. सव्वीस वर्षांचा, खांद्याने दार अडवेल असा गडी, पण त्याचा ओठ लहान मुलासारखा थरथरत होता. "तेव्हापासून रोज मी नऊ तास चालवतो, कार्ड बदलतो आणि मागे जाऊन झोपतो. आयुष्यात एवढी शांत झोप मला लागली नाही, मामा. खेप संपली की मीच त्यांच्यासाठी खाटेचं बटण दाबतो. झोपा बाबा, म्हणतो."

तासमास्तरने त्याला कॅलेंडरचं सांगितलं. दाजी घरी येतात, आणि त्यांना तासभरही झोप मिळत नाही, हेही सांगितलं. भाच्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मग काढा ते कार्ड. पण मी नाही काढणार..."

तासमास्तर वर चढला. त्याने दुसऱ्या खाचेतलं कार्ड नखाने उचकटून ओढलं आणि खिशात घातलं, आणि मागे न बघता थेट कचेरीचा रस्ता धरला. खिडकीमागच्या बाईने मृत्यूची तारीख विचारली, नऊ महिने उशीर का म्हणून विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता कार्डाला भोक पाडून ते तबकात टाकलं. दाजींच्या फोटोचा अर्धा खांदा त्या भोकात गेला. बाहेर पडताना त्याला हलकं वाटलं. सुटले बिचारे, तो मनाशी म्हणाला.

ताईला त्याने काही सांगितलं नाही. तेवढं धैर्य असतं तर आणखी काय हवं होतं?

ताईने चादर बदलली. उशी उन्हात घातली. एक दिवस गेला, दोन गेले. चौथ्या दिवशी ती कॅलेंडरसमोर पेन्सिल घेऊन उभी होती. शेवटची नोंद गेले अशी होती, आणि पुढचे चौकोन कोरे.

"आले नाहीत रे अजून," ती म्हणाली. "एवढी लांबची खेप असते का कुठे?"

तासमास्तर ताटावरून न जेवता उठला.

सहाव्या दिवशी भाचा एका कार्डावरची, अगदी नियमातली पहिली खेप करून परत आला. चेहरा उतरलेला. त्याने मशिनची पट्टी टेबलावर ठेवली.

"दुपारी दोनला नऊ तास भरले. पंपामागे गाडी उभी केली, खाट दाबली, कार्ड काढून खिशात घातलं, झोपलो. उठलो तेव्हा दीडशे किलोमीटर पुढे होतो."

पट्टीवर त्याच्या झोपेच्या वेळेसमोर छापलं होतं : कार्ड नाही. गाडी चालू.

"चादर होती अंगावर?" तासमास्तरने विचारलं.

"नव्हती. आणि मामा... शेवटी शेवटी गाडी कडेला जात होती. कडेच्या खडीवर चाक गेल्याचा आवाज मला झोपेत ऐकू येत होता. पुन्हा रस्त्यावर यायची, पुन्हा खडी. मला ओरडायचं होतं, पण डोळेच उघडत नव्हते."

तासमास्तर पट्टीवरच्या वेगाची रेघ बघत होता. सुरुवातीला ती दोऱ्यासारखी सरळ होती. नंतर ती खाली घसरायची, दचकून वर जायची, पुन्हा घसरायची. अशा रेघा त्याने हजारो पाहिल्या होत्या. डुलक्या घेणाऱ्या माणसाची रेघ ती.

"मामा," भाच्याने हळूच विचारलं, "त्या दिवशी कार्ड ओढण्याआधी तुम्ही खाट दाबली होती ना?"

बावीस वर्षं शेकडो माणसांना जे घोकवलं, ते तो स्वतःच विसरला होता. दाजींची विश्रांती सुरूच झाली नव्हती. आणि आता कार्डही नव्हतं. कार्ड असलं तर नऊ तासांनी मशिन निदान ओरडतं. कार्ड नसलेल्या माणसाला थांब म्हणणारं कोणी नसतं.

"तू आता गाडीवर जायचं नाहीस," तो म्हणाला. "ते झोपेत आहेत. तुला घेऊन कुठेतरी घालतील. कळतंय का तुला?"

"म्हणून काय त्यांना एकटं सोडू?" भाचा म्हणाला. "मी या खेपेला पडदा उघडतो. त्यांना सांगतो, बाबा, बस झालं."

दुसऱ्या दिवशी पहाटे कोणालाही न विचारता तो गाडी घेऊन निघून गेला.

दिवसभर तासमास्तर फोनच्या पडद्यावर नजर लावून स्वयंपाकघरात बसला होता. कंपनीच्या गाड्या त्यावर ठिपक्यांसारख्या दिसत. शेजारी वेग आणि कार्ड. ताई समोर बसून निवडणं टिपणं करत होती. दोन वाजता ठिपका थांबला. भाच्याने कार्ड काढलं. तीन वाजले, चार वाजले. बाहेर ढगाळलेलं, दिवा लावावा की न लावावा असा उजेड. तासमास्तरला वाटलं, पोराने पटवलं बापाला.

चार वाजून वीस मिनिटांनी ठिपका हलला.

कार्ड नाही. वेग साठ. बहात्तर. चाळीस. मग एकदम नव्वद.

त्याने भाच्याचा नंबर काढला आणि बोट वर धरून थांबला. पोरगा झोपलेला असेल तर रिंगने जागा होईल. पण पोराआधी दुसऱ्याच कोणाचा हात फोनकडे गेला तर? गाडी चालवताना?

"काय झालं?" ताईने विचारलं. "घाम का फुटलाय तुला?"

आणि मग त्याला लपवता येईना. त्याने सगळं सांगितलं. निळं पाकीट, लाल गाडी, न दाबलेलं बटण, आणि त्या गाडीत मागे झोपलेला तिचा मुलगा. त्याचं संपलं तेव्हा तिने मांडीवरचं ताट खाली ठेवलं.

"मेल्यावरही झोपू दिलं नाहीस तू त्यांना," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्याला सोपं गेलं असतं.

तिने स्वतःचा फोन उचलला.

"ताई, नको! तो उचलणार नाही, फोन पेटीत असतो. आणि चालवताना..."

"नंबर पोराचा, पण पोराला नाही लावत मी. आणि माझा फोन आला की ते आधी गाडी कडेला घेतात, मग उचलतात. पहिल्यापासून. चालवता चालवता उचलायचे तो तुझा. तुझा न उचलून चालत नव्हतं ना त्यांना."

रिंग वाजत राहिली. पाच, सहा, सात. पडद्यावर वेग चढत होता, उतरत होता. मग साठ झाला. तीस. दहा.

शून्य.

रिंग थांबली.

"अहो," ताई म्हणाली. तिने फोन दोन्ही हातांनी धरला होता. "हो... मीच. पोर मागे झोपलंय ना? ...हो. नका चालवू आता. घरी या. चादर बदललीय मी... काय?" ती ऐकत राहिली. पलीकडून काय येत होतं ते तासमास्तरला ऐकू आलं नाही. त्याला दिसत होता तो फक्त ताईचा चेहरा, आणि तो बघवत नव्हता. मग तिने फोन कानापासून दूर केला. तो बंद झाला होता.

लगेच तासमास्तरचा फोन वाजला. भाचा.

"मामा, मला आत्ता जाग आली. गाडी रस्त्याच्या कडेला उभी आहे. दिवे लुकलुकतायत... मी नाही लावले."

"खाली उतर. आधी खाली उतर!"

दार उघडल्याचा, उडी मारल्याचा आवाज आला. "उतरलो."

"आईचा फोन तू उचललास?"

"नाही. फोन पेटीत होता, कडी तशीच होती. आत्ता काढला मी."

पोर जमिनीवर होतं. तासमास्तरच्या जिवात जीव आला. त्याने ताईकडे पाहिलं. "ताई... काय म्हणाले दाजी?"

"म्हणाले, तासमास्तरला विचार, अजून किती राहिलंय."

फोनमधून वाऱ्याचा आणि दिव्यांच्या टिकटिकीचा आवाज येत होता. मग तासमास्तरने भाच्याला फोन मोठ्या आवाजावर टाकून केबिनकडे धरायला सांगितलं.

"दाजी," तो म्हणाला. "संपलं. आता काही राहिलं नाही. झोपा तुम्ही."

म्हणताक्षणी त्याला कळलं. हेच शब्द. दर वेळी दाजी थकून ऑफिसच्या दाराशी यायचे, आणि तो मान वर न करता म्हणायचा, संपलं दाजी, आता काही राहिलं नाही, एवढी एक खेप मारा आणि झोपा. दाजी कधी वाद घालत नसत. बरं, म्हणायचे, आणि किल्ली घ्यायचे.

"मामा..." भाच्याचा आवाज बारीक झाला होता. "दार लागलं."

इंजिन सुरू झाल्याचा आवाज या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू आला. मग गियर पडल्याचा, आणि खडीवरून जड चाकं रस्त्यावर चढल्याचा.

"मामा, बाबा निघाले... मला न घेताच निघाले." आणि भाचा त्या रिकाम्या रस्त्यावर उभा राहून हुंदके देऊन रडायला लागला. "बाबा! थांबा ना, बाबा!"

पडद्यावर ठिपका पुढे सरकत होता. वेग एकसारखा साठ. पुढच्या फाट्याशी तो डावीकडे वळला. तासमास्तरने नकाशा दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला. त्या बाजूला रस्ता नव्हता. ठिपका जातच राहिला.

ताई उठून कॅलेंडरपाशी गेली होती. पेन्सिल तिच्या हातात होती.

"परत कधी येतील म्हणून लिहू?" तिने विचारलं.